एक पूर्णांक सहा

नजमा, दोहा
२ डिसेंबर २०१८

श्री. अनंतराव व्याही यांस केरबाचा रामराम.

आपण पाठवलेला बर्फाचा फोटो मिळाला. फोटो चांगला आहे, पण खाली थंडी किती ते लिहिलेलं नाही. नुसतं 'कडाक्याची थंडी' लिहिलंय. कडाक्याची म्हणजे किती? आमच्या खोलीतला किसन ड्रायव्हर एसी बावीसवर लावला तरी कडाक्याची म्हणतो आणि कानटोपी घालून झोपतो. तरी पुढच्या वेळी आकडा लिहावा.

मोबाईलवर टाइप करायला मला जमतं, पण त्यात माणूस 'हो' आणि 'बरं' याच्या पुढे जात नाही. म्हणून मी कागदावर लिहून कागदाचा फोटो पाठवतो आहे. आपण भूगोलाचे शिक्षक, आपल्याला लिहायचा कंटाळा नसावा.

लग्नाच्या गडबडीत आपलं बोलणं झालं नाही, म्हणून माझी माहिती देतो. शिक्षण नववी. अठराव्या वर्षी रत्नागिरी बंदरावर बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायला लागलो. कॉम्प्रेसर कसा चालतो ते कुणी शिकवलं नाही, बघून शिकलो. दोह्यात सोळा वर्षं झाली. २०२२ला इथे फुटबॉलचा वर्ल्डकप आहे, त्याच्या एका स्टेडियमच्या कूलिंग प्लांटवर मी फोरमन आहे. वर आभाळ उघडं आणि खाली मैदानात गार हवा, असं ते काम आहे. लोक हसतात. हसू देत. प्लांटमधून पाणी साडेपाच अंशांवर निघतं, ते पावणेसहा झालं तर मला जेवण जात नाही.

आणखी एक लिहायचं होतं. ममताचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायला हवं. तिची आई तानूबाई असती तर गावाकडे झालं असतं. तिला जाऊन पाच वर्षं झाली, आणि माझं घर म्हणजे इथल्या नजमा भागातली सहा खाटांची खोली. आपण आणि विहीणबाई नाशिकहून एवढ्या लांब फिनलंडला गेलात. माझ्या वाटचं काम आपण करता आहात, याची मला जाणीव आहे.

शहर कसं, माणसं कशी, नात झोपते त्या खोलीचं तापमान किती, सगळं सविस्तर लिहावं. ममताला वेगळा निरोप नको. आमचं ठीक चालू असतं.

आपला
केरबा

---

तांपेरे, फिनलंड
९ डिसेंबर २०१८

श्री. केरबा यांस सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून आनंद झाला. छत्तीस वर्षं मुलांना 'उत्तरेकडील थंड प्रदेश' शिकवला, पण प्रदेश पहिल्यांदाच पाहतोय. आता आकडे घ्या. सूर्य साडेनऊला उगवतो आणि तीनला मावळतो. काल दुपारी उणे सहा होतं. घरात मात्र एकवीस. सगळ्या गावाला गरम पाणी नळांतून येतं, त्यावर घरं तापतात. तुम्ही तिकडे गार पाणी फिरवता, हे इकडे गरम.

गाव दोन तळ्यांच्या मध्ये आहे. वरच्या तळ्याचं पाणी खालच्यापेक्षा अठरा मीटर उंच, म्हणून मधल्या ओढ्याला जोर. त्या जोरावर इथे कापडाच्या गिरण्या चालल्या. आता त्या लाल विटांच्या इमारतींत हॉटेलं आणि संग्रहालयं आहेत. टेकडीवर एक दगडी मनोरा आहे, वर चढून लोक खाली येऊन गोड वडा खातात. आपल्या मेदूवड्यासारखाच, भोकाचा, पण साखरेत घोळलेला. आमच्या सौ. सुहासिनीने दोन खाल्ले आणि 'वेलदोडा बरा टाकलाय' असं प्रमाणपत्र दिलं. बाजारात काळं सॉसेज मिळतं, रक्त घालून केलेलं, त्यावर लाल जाम. तुमचा जावई मिहीर आवडीने खातो. मी शाकाहारी, मी लांबून भूगोल पाहिला.

माणसं सभ्य, पण बोलत नाहीत. बसस्टॉपवर पाच माणसं असतील तर मध्ये दोन-दोन मीटर अंतर सोडून उभी. मी शेजारी जाऊन उभा राहिलो तर तो बिचारा हळूच सरकला. मी पुन्हा सरकलो. शेवटी तो स्टॉपच्या बाहेर बर्फात गेला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मिहीरने मला सार्वजनिक सॉनातही नेलं. लाकडी खोलीत ऐंशी अंश, सगळे पुरुष जन्मले तसे, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. मग बाहेर येऊन गोठलेल्या तळ्यात भोक पाडलंय त्यात उतरतात. मी नुसता टॉवेल धरून उभा होतो.

आता एक गोष्ट लिहितो, पण घाबरू नका. इथे तान्ह्या मुलांना दुपारी बाहेर झोपवतात. कॅफेच्या बाहेर बाबागाड्यांची रांग असते, आत आया कॉफी पितात. आपली आसावरीही रोज बाल्कनीत दोन तास झोपते. लोकरीचे तीन थर, वर पिशवीसारखी दुलई, फक्त नाक दिसतं. सौ. पहिल्या दिवशी रडली. म्हणाली, "अगं, पाच आठवड्यांचं लेकरू!" ममता म्हणाली, "आई, नर्सने सांगितलंय. उणे दहापर्यंत चालतं, त्याखाली आत." खरं सांगतो, पोरगी बाहेर जितकी गाढ झोपते तितकी आत नाही.

एक विचारू का? तुम्ही ममताला फोन का करत नाही? तिला विचारलं तर तीही म्हणते, "ठीक चालू असतं."

आपला
अनंतराव

---

नजमा, दोहा
१४ डिसेंबर २०१८

श्री. अनंतराव यांस रामराम.

आपलं पत्र किसनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आण्णा, आपण हितं मान्सं गार करायला पगार घेतोय, आन् तुमची नात तिथं फुकटात गार हुतीय." खोली हसली. मी हसलो नाही.

उणे दहा म्हणजे कुणाचं उणे दहा? मोबाईल दाखवतो ते विमानतळावरचं असतं. बाल्कनीतलं वेगळं असतं. भिंत उबदार असेल तर एक, वारा फिरत असेल तर दुसरं. मी बर्फाच्या कारखान्यात सहा वर्षं काढलीत. मिठाचं पाणी उणे दहावर असायचं आणि त्यात बुडवलेल्या डब्यात गोडं पाणी रात्रभरात दगड व्हायचं. उणे दहा हा आकडा मला पुस्तकातून माहीत नाही, हातांनी माहीत आहे. त्यात माझी नात झोपते.

नर्सबाईंचा अनादर नाही. त्यांच्या देशाची रीत आहे, त्यांना कळत असेल. पण रीत मोजून पाळावी. म्हणून माझा थर्मामीटर कुरियरने आज पाठवला आहे. पितळी घरातला आहे, आत पारा नाही, लाल स्पिरिट आहे. अर्ध्या अर्ध्या अंशाच्या रेघा आहेत, मधलं नजरेने वाचायचं. तेवीस वर्षं माझ्या खिशात आहे. रत्नागिरीच्या मालकांनी मी निघताना दिला.

सूचना: बाळाच्या तोंडाच्या उंचीवर टांगावा. भिंतीला टेकू देऊ नये. पंधरा मिनिटं थांबून वाचावा. वाचताना डोळा रेघेच्या समोर, आणि तोंड लांब, नाहीतर श्वासाने चढतो. त्यावर उणे दहा दिसलं की आसावरी आत. मोबाईल काय म्हणतो ते बघायचं नाही. याच थर्मामीटरवर. कुणी काही म्हणालं तरी.

दर आठवड्याचे आकडे मला कळवावेत.

फोनचं विचारलंत. मी कामावर असतो, ती बाळात असते. वेळ जुळत नाही.

आपला
केरबा

ता. क. अल मन्सूराच्या दुकानातून डिंक आणि खारीक घेऊन त्याच खोक्यात ठेवलंय. विहीणबाईंनी लाडू करावेत. माझ्या नावाने नकोत, असेच करावेत.

---

तांपेरे
६ जानेवारी २०१९

श्री. केरबा यांस सप्रेम नमस्कार.

थर्मामीटर सुखरूप पोहोचला. सूचनेप्रमाणे दोरीला टांगला आहे. आकडे: ३१ डिसेंबर उणे ४.१, २ जानेवारी उणे ७.५; ४ जानेवारी उणे ८.९. दुपारी बाराचे आहेत. लाडू झाले. ममताने पहिला लाडू खाल्ला आणि विचारलं, "आई, हा डिंक कुठला?" सौ.ला खोटं बोलता येत नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही इथल्या दफनभूमीत गेलो होतो. वाटलं नव्हतं, पण अख्खं गाव तिथे होतं. प्रत्येक थडग्यावर बर्फात मेणबत्ती. हजारो. कुणी मोठ्याने बोलत नाही, पोरंसुद्धा नाहीत. ज्यांची माणसं दुसरीकडे पुरलेली आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी जागा असते, तिथे परक्या गावचे लोक मेणबत्ती लावतात. ममताने तिथे एक लावली. मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं, "माझ्या आईची."

परत येताना ती आणखी बोलली. केरबा, तुम्ही रागवाल, पण लिहितो. खोकं उघडलं तेव्हा ती पितळी घर हातात धरून उभीच राहिली होती. मी कारण विचारलं होतं. ते तिने त्या दिवशी सांगितलं. २०१६च्या मे महिन्यात पुण्याच्या ऑफिसने तिला तुमच्याच साइटवर सहा आठवडे पाठवलं होतं. चाचणीच्या वेळी तिने तिचा सेन्सर तुमच्या थर्मामीटरशेजारी धरला आणि सगळ्या इंजिनियरांसमोर म्हणाली, "बाबा, तुमचा दीड डिग्री कमी दाखवतोय." तुम्ही म्हणालात, "तुझं शिक्षण याच थर्मामीटरवर झालंय," आणि निघून गेलात. तेव्हापासून 'पोहोचले' आणि 'बरं'. लग्नातसुद्धा.

ती म्हणते, "मी बरोबर होते, पण चारचौघांत बोलायला नको होतं." मी म्हटलं, मग हे त्यांना सांग. म्हणाली, "ते ऐकतील पहिला अर्धा भाग, आणि फोन ठेवतील."

आमचा व्हिसा १४ फेब्रुवारीला संपतो. आम्ही गेलो की मिहीर दिवसभर ऑफिसात आणि ही एकटी. हेही लिहून ठेवतो.

आपला
अनंतराव

---

नजमा, दोहा
१३ जानेवारी २०१९

श्री. अनंतराव यांस रामराम.

मे २०१६चं वाचलं. ते घरातलं आहे, त्यावर आज लिहीत नाही. तानूबाईच्या मेणबत्तीचं वाचून बरं वाटलं.

आकड्यांचं बोलतो. आपण तीन आकडे कळवलेत. तिथल्या हवामान खात्याचे त्याच दिवसांचे, त्याच वेळचे आकडे मी किसनच्या मुलाकडून इंटरनेटवर शोधून घेतले. तिन्ही दिवशी फरक पाव अंशाच्या आत आहे. एवढं जुळायला नको.

हे आकडे माझ्या थर्मामीटरवरचे नाहीत. मला कसं कळलं ते विचारू नका, पण नाहीत. कुणीतरी हात लावलेला आहे. मी सोळा वर्षं लॉगबुकं तपासतोय. घाईत भरलेली वही मला लांबून ओळखू येते आणि विचार करून भरलेलीही ओळखू येते.

मला वाचलेला आकडा पाहिजे होता. सुधारलेला नको होता. उणे दहा दिसलं की आत, असं मी लिहिलं होतं. तुम्ही लोक भलताच आकडा धरून नातीला बाहेर ठेवत असाल तर माझी सूचना फुकट गेली.

थर्मामीटर कोण वाचतं?

केरबा

---

तांपेरे
१९ जानेवारी २०१९

श्री. केरबा यांस सप्रेम नमस्कार.

मास्तर असून कॉपी करताना पकडला गेलो. कबूल करतो.

थर्मामीटर ममता वाचते. पंधरा मिनिटं थांबते, डोळा रेघेसमोर, तोंड लांब, सगळं तुमच्यासारखं. मग आत येऊन जो आकडा आला असेल त्यात एक पूर्णांक सहा मिळवते आणि मला सांगते. मी तोच तुम्हाला लिहितो. पहिल्याच दिवशी तिने पातेल्यात बर्फ चुरून तो थर्मामीटर त्यात बुडवून पाहिला होता. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "वितळत्या बर्फाचं शून्य असतं, अप्पा. बाबांनीच शिकवलंय, मी सहावीत असताना." त्याने उणे १.६ दाखवलं. मला म्हणाली, "बाबांना सांगू नका. फक्त त्यांना खरे आकडे कळवा."

आणखी एक कबुली. परवा तुमच्या थर्मामीटरवर उणे १०.४ होतं. खरं उणे ८.८. आसावरी बाहेर झोपली. छान झोपली. कालपासून मात्र उणे वीसच्या खाली गेलंय, आता सगळेच आत आहेत. नाकातले केस गोठतात हे मी वर्गात सांगायचो, ते खरं निघालं.

आता माझा प्रश्न. आकडे खऱ्याशी जुळले म्हणून तुम्हाला संशय आला. म्हणजे तुमचा थर्मामीटर खऱ्याशी जुळत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. कधीपासून?

सौ. मला म्हणते, "भूगोल सोडून तुम्ही पोलिसात जायला हवं होतं." उत्तर मला लिहू नका. जिला लिहायचं तिला लिहा.

आपला
अनंतराव

---

नजमा, दोहा
२५ जानेवारी २०१९

चि. सौ. ममतास बाबांचा आशीर्वाद.

हे पत्र आज शुक्रवार, सुट्टी आहे म्हणून सकाळपासून लिहितो आहे. हा चौथा कागद आहे.

२४ जून २०१६ला तुझं पुण्याचं विमान होतं. मी एअरपोर्टवर आलो नाही. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात गेलो, तिथल्या मलबारी पोराकडून थर्मासभर बर्फ चुरून घेतला. थोडं पाणी घातलं, ढवळलं, थर्मामीटर बुडवला, पंधरा मिनिटं थांबलो. उणे एक पूर्णांक सहा. पुसून पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा बर्फ बदलून केलं. तेच. पोरगा विचारत होता, "भय्या, बर्फ खराब है क्या?" मी म्हटलं, "नहीं. खलास."

तू दीड म्हणाली होतीस. सेन्सरच्या मानाने बरोबर होतं.

तेव्हापासून थर्मामीटर तिकडे पाठवेपर्यंत कामावर मी जो आकडा वाचायचो त्यात मनात एक पूर्णांक सहा मिळवायचो आणि मग वहीत लिहायचो. अडीच वर्षं. कुणाला सांगितलं नाही. वहीत एकही आकडा चुकीचा गेलेला नाही, तपासून बघू शकतेस. कंपनीने नवा डिजिटल दिला होता, तो या डिसेंबरपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवला. कारण जुना खिशातून काढला असता तर का काढला असं कुणीतरी विचारलं असतं.

अनंतरावांचं पत्र आलं तेव्हा मी प्लांटवर होतो. तू तिकडे बाल्कनीत उभी राहून तोच आकडा मिळवते आहेस, मला न सांगता, आणि मी इकडे तोच मिळवत आलो, तुला न सांगता. थोडा वेळ पंपाच्या चौथऱ्यावर बसून राहिलो. हेल्पर विचारायला लागला, तब्येत बरी आहे का.

तो कमी दाखवतो हे माहीत असून मी का पाठवला, ते लिहितो. नर्सची मर्यादा उणे दहा. माझ्या थर्मामीटरवर उणे दहा दिसतं तेव्हा खरं उणे ८.४ असतं. म्हणजे पोरीला दीड अंश आधीच आत घेतलं असतं. प्लांटवर अशी थोडी जागा आम्ही नेहमी सोडतो. मोजमापाची चूक कुठल्या बाजूला आहे हे माहीत असलं की तिचा उपयोग करता येतो. पण तू चूकच काढून टाकलीस. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

चारचौघांत बोलायला नको होतं असं तू म्हणतेस. बोलायलाच हवं होतं. पाणी दीड अंश चुकलं असतं तर सगळ्या चाचणीचा अहवाल चुकला असता. मी तिथेच 'बघतो' म्हणायला हवं होतं. तेवढा एक शब्द.

व्याही १४ फेब्रुवारीला निघतात. माझी रजा १६ तारखेपासून मिळते, चाळीस दिवस. गेल्या दोन वर्षांची साठलेली आहे. आता इथून निघायला कंपनीची एक्झिटची चिठ्ठी लागत नाही, तो नियम गेला. व्हिसासाठी मात्र तुझं आमंत्रणाचं पत्र लागतं. तुझं माहेरपण मला तिकडेच येऊन करावं लागतंय, हे उलटं आहे, पण माझ्याकडे दुसरं घर नाही. मला स्वयंपाक येतो. सहा माणसांचा रोज करतो. बाळाला अंघोळ घालायला येत नाही, ते विहीणबाईंनी जाण्यापूर्वी लिहून ठेवावं. पाणी किती अंश, ते आधी.

तुला पटत असेल तर पत्र पाठव. पटत नसेल तर तसं कळव. नुसतं 'बरं' लिहू नकोस.

तुझा
बाबा

---

तांपेरे
२९ जानेवारी २०१९

ती. बाबांस सा. न.

आमंत्रणाचं पत्र सोबत जोडलं आहे. मिहीरच्या पगाराचा दाखला आणि घराचे कागदही आहेत. फॉर्ममध्ये 'येण्याचं कारण' या रकान्यात मी 'बाळंतपण' लिहिणार होते, मिहीर म्हणाला तिथल्या माणसाला कळणार नाही. म्हणून 'कुटुंबाची भेट' लिहिलंय.

अंघोळीचं पाणी सदतीस. आईंनी सांगितलेलं नाही, मी मोजलंय. त्या कोपर बुडवून सांगतात. त्यांचं कोपर तीनदा तपासलं, प्रत्येक वेळी सदतीस आलं. त्यांना हे सांगू नका, फार चढतील.

येताना जाड मोजे इथेच घेऊ, तिकडून आणू नका. किसनकाकांची कानटोपी मात्र मागून आणा. आणि बसस्टॉपवर कुणाजवळ उभे राहू नका, अप्पांनी या गावात आधीच पुष्कळ केलंय.

आज थंडी उतरली आहे. दुपारी बारा वाजता बाल्कनीत तुमच्या थर्मामीटरवर उणे १०.२. म्हणजे खरं उणे ८.६. शेजारच्या तीन बाल्कन्यांमध्ये बाबागाड्या बाहेर आहेत.

आसावरी आत आहे.

तुमची
ममता